संस्थेच्या ईमेल सर्व्हरचे स्थलांतर व कारभार
(शिक्षकांच्या अभ्यासासाठी)

प्राथमिक शिक्षकांकडे शाळेखेरीज इतर संस्थांचेही दप्तर असते, हे सर्वांस ठाऊक आहे. तालुक्याच्या शिक्षकांची सहकारी पतसंस्था, गावचे सार्वजनिक वाचनालय, माजी विद्यार्थ्यांचे मंडळ, यांपैकी कोठे ना कोठे शिक्षक चिटणीस असतो, खजिनदार असतो, निदान पत्रव्यवहार तरी त्याच्याकडे असतो. हा पत्रव्यवहार आता बहुतांशी ईमेलने होतो. ज्या संगणकावर संस्थेची ही पत्रे येतात, साठतात व जेथून ती रवाना होतात त्यास ईमेल सर्व्हर म्हणतात. संगणक जुना होतो, भाड्याची सेवा महाग होते किंवा बंद पडते, आणि सर्व्हर बदलण्याचा प्रसंग केव्हा ना केव्हा येतोच. तो कोणत्या क्रमाने बदलावा व पुढे त्याचा कारभार कसा ठेवावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विषय यंत्राचा दिसतो खरा. परंतु त्याचे मर्म दप्तरात आहे. ज्यास आवक-जावक नोंदवही व जडवस्तू संग्रह नोंदवही नीट ठेवता येते, आणि बदलीच्या वेळी ज्याने यादीनिशी कार्यभार घेतला किंवा दिला आहे, त्यास हे काम समजण्यास कठीण नाही. तांत्रिक भाग जाणकाराकडून करवून घेता येईल. तथापि तो यथाक्रम झाला की नाही, हे पाहण्याची जबाबदारी पदाधिकाऱ्यांचीच राहते.

१. या कामातील मुख्य धोका

उदाहरणादाखल एक पतसंस्था घेऊ. तिच्या एका सभासदाने आईच्या शस्त्रक्रियेसाठी तातडीच्या कर्जाचा अर्ज ईमेलने पाठविला, आणि नेमक्या त्याच दिवशी संस्थेने सर्व्हर बदलला. अर्ज जुन्या संगणकात पडून राहिला. सभासद समजतो की अर्ज पोहोचला. चिटणीस समजतात की अर्ज आलाच नाही. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत, आणि काही चुकले आहे असा संशयही कोणास येत नाही. मंजुरीची सभा होऊन जाते व सभासद रुग्णालयात पैशाची वाट पाहत राहतो.

पत्र परत आले तर ते पुन्हा पाठविता येते. उशिरा आले तर दिलगिरी व्यक्त करता येते. परंतु जे पत्र कोणाच्याही नकळत नाहीसे होते त्यावर उपाय नाही. यास्तव स्थलांतराची प्रत्येक पायरी एकाच कसोटीवर पाहावी: या पायरीवर एखादे पत्र कोणाच्याही नकळत नाहीसे होऊ शकते काय? पुढील सर्व सूचना या एका प्रश्नातून निघाल्या आहेत.

२. पत्र पोहोचते कसे

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, या न्यायाने प्रथम टपालाचा विचार करू. आपल्या देशात पिनकोडची पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी व संस्कृतचे विद्वान होते. या सहा अंकांतील पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय. म्हणजे डावीकडून उजवीकडे वाचीत गेले की जागा आकुंचित होत जाते.

ईमेलच्या पत्त्यातही असाच क्रम आहे, मात्र तो उलट आहे. पत्त्याच्या मध्ये ॲट हे चिन्ह असते. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने दोन संगणकांमध्ये पत्र पाठविताना ते प्रथम योजले. चिन्हाच्या डावीकडे व्यक्तीचे किंवा पदाचे नाव असते व उजवीकडे संस्थेचे. या उजवीकडील नावास डोमेन म्हणतात. ते उजव्या टोकाकडून वाचावयाचे असते: प्रथम ‘इन’ किंवा ‘ऑर्ग’ यांसारखे मोठे क्षेत्र, नंतर संस्थेचे नाव. २०१४ पासून ‘.भारत’ असे देवनागरीतील क्षेत्रही उपलब्ध आहे.

कोणते डोमेन कोठे आहे, हे सांगणारी एक जगद्व्यापी नोंदवही आहे. तिला डीएनएस असे म्हणतात. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये तिची रचना मांडली. तीत प्रत्येक संस्थेच्या नावापुढे एमएक्स या नावाची एक ओळ असते. या संस्थेचे टपाल कोणत्या संगणकाकडे द्यावे, एवढेच ती ओळ सांगते. पाठविणाऱ्याचा सर्व्हर प्रथम ही ओळ पाहतो, त्या संगणकाशी संबंध जोडतो व एसएमटीपी या ठराविक भाषेत त्याच्याशी बोलून पत्र त्याच्या हवाली करतो. ही भाषा जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये नियमबद्ध केली. पुढे सभासदाचा मोबाइल किंवा संगणक आपल्या पेटीतील पत्रे बहुधा आयमॅप या पद्धतीने वाचतो.

एसएमटीपीच्या संभाषणात उत्तरे तीन अंकी असतात, आणि त्यांतील पहिला अंक फार महत्त्वाचा आहे. दोनने सुरू होणारे उत्तर म्हणजे काम मान्य. पत्र सुपूर्द झाल्यावर असे उत्तर आले की ते स्वीकारले गेले. चारने सुरू होणारे म्हणजे आता शक्य नाही, नंतर या. पाचने सुरू होणारे म्हणजे हे पत्र घेता येत नाही. चारचे उत्तर आले, किंवा दारात कोणी भेटलेच नाही, तर पाठविणारा सर्व्हर पत्र आपल्याजवळ ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. हे प्रयत्न साधारणपणे निदान चार ते पाच दिवस चालू ठेवावेत, असे नियमांत सांगितले आहे. पाचचे उत्तर आले तर मात्र पत्र तत्काळ पाठविणाऱ्याकडे परत जाते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, संस्थेचे डोमेन संस्थेकडे असेल तर संगणक कितीही वेळा बदलला तरी पत्ता बदलत नाही. नोंदवहीतील एमएक्सची ओळ तेवढी बदलावी लागते. दुसरी, नवा सर्व्हर काही तास बंद राहिला तरी सहसा पत्रे बुडत नाहीत. परंतु तो चालू आहे आणि त्यास सभासदांची नावे मात्र ठाऊक नाहीत, अशी स्थिती असेल तर तो आलेली पत्रे परत लावतो. अर्धवट तयारीने उघडलेल्या दारापेक्षा काही काळ बंद ठेवलेले दार बरे.

३. कोठे जावे

तीन मार्ग आहेत. संस्थेच्या कार्यालयात स्वतःचा संगणक ठेवणे, भाड्याच्या संगणकावर स्वतः सर्व्हर चालविणे, किंवा दर पेटीमागे वर्गणी देऊन तयार सेवा घेणे. पहिल्या दोन मार्गांसाठी उत्तम आज्ञावल्या विनामूल्य मिळतात. पत्रांची ने-आण करणारी पोस्टफिक्स ही आज्ञावली वित्से व्हेनेमा यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली, व पेट्या सांभाळणारी डव्हकॉट ही टिमो सिराइनेन यांनी २००२ मध्ये. आज्ञावली फुकट मिळाली तरी तिची राखण फुकट होत नाही. वीज गेली, तबकडी भरली, कोणी घुसखोरीचा प्रयत्न केला, तर त्याच दिवशी लक्ष घालणारी निदान दोन माणसे लागतात. शिवाय अनेक इंटरनेट कंपन्या साध्या जोडणीवरून इतर सर्व्हरांकडे थेट पत्रे पाठवू देत नाहीत.

ज्या संस्थेकडे अशी दोन माणसे नाहीत तिने तयार सेवा घेणेच श्रेयस्कर. मात्र कोणताही मार्ग पत्करला तरी डोमेनची नोंदणी संस्थेच्या नावावर व संस्थेच्या ताब्यात असावी. सेवा देणाऱ्याकडे ती सोपवून दिली, तर पुढील खेपेस घर बदलणे त्याच्या मर्जीवर अवलंबून राहील.

४. पूर्वतयारी : कार्यभाराची यादी

मुख्याध्यापकाची बदली झाली म्हणजे नवा मुख्याध्यापक यादीवाचून कार्यभार घेत नाही. येथेही तोच नियम पाळावा. यादीत पुढील बाबी असाव्यात.

(अ) सर्व पेट्या, त्यांतील पत्रांची संख्या व त्यांनी व्यापलेली जागा.
(आ) पेटी नसलेले, परंतु चालू असलेले पत्ते. उदाहरणार्थ, ‘अध्यक्ष’ या नावाने येणारे पत्र विद्यमान अध्यक्षांच्या पेटीत पडत असेल, तर ती जोडणी यादीत हवी. स्थलांतरात असे पत्ते हमखास राहून जातात.
(इ) माणसांखेरीज पत्रे पाठविणाऱ्या वस्तू: कागद उतरवून घेणारे स्कॅनर यंत्र, संकेतस्थळावरील अर्ज, हिशेबाची आज्ञावली. यांच्या पोटात जुन्या सर्व्हरचे नाव लिहिलेले असते.
(ई) पॉप या जुन्या पद्धतीने पत्रे उतरवून घेणारे सभासद. ही पद्धती वापरणाऱ्या कित्येक संगणकांवर, पत्र उतरवून घेतले की सर्व्हरवरील मूळ प्रत पुसावी, अशी योजना केलेली असते. अशा सभासदाची जुनी पत्रे केवळ त्याच्या घरच्या संगणकात असतात.
(उ) डोमेनची नोंदणी कोणाच्या नावावर आहे, तिची मुदत केव्हा संपते, तिच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, कोणाकडे आहेत.

शेवटची बाब सर्वांत आधी तपासावी. पुष्कळदा नोंदणी एखाद्या उत्साही सभासदाने स्वतःच्या नावे केलेली असते. तो निवृत्त होतो, परगावी जातो, आणि नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या पत्त्यावर जाऊन पडते. मुदत संपून ते नाव सुटले तर दुसरा कोणीही ते घेऊ शकतो, व त्यानंतर संस्थेच्या नावे येणारी पत्रे त्याच्या हाती जातात. नोंदणीचा संपर्कपत्ता त्याच डोमेनमधील असू नये, हेही ध्यानात ठेवावे. कपाटाची किल्ली त्याच कपाटात ठेवण्यासारखे ते होईल.

यादी पुरी झाल्यावर सर्व पत्रांची एक प्रत वेगळ्या तबकडीवर घ्यावी, व त्यातील काही पत्रे उघडून पाहावीत. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबू नये.

५. स्थलांतराचा क्रम

पहिली पायरी : नव्या सर्व्हरवर यादीतील सर्व पेट्या व पत्ते तयार करावेत. यादीतील प्रत्येक नावापुढे खूण करावी.

दुसरी पायरी : जुनी पत्रे नव्या घरी न्यावीत. आयमॅपसिंक यासारखे साधन हे काम करते. एकदा नेल्यावर ते पुन्हा चालविले तर नवीन आलेली तेवढीच पत्रे ते नेते. म्हणून मोठा भार आठवडाभर आधी हलवावा. पत्रांच्या तारखा, व कोणती वाचलेली व कोणती न वाचलेली, ही खूणही बरोबर येते की नाही ते पाहावे. पत्त्यांची वही व दिनदर्शिका या मार्गाने येत नाहीत. त्यांची वेगळी व्यवस्था करावी लागते.

तिसरी पायरी : डीएनएस नोंदवहीतील प्रत्येक ओळीस एक आयुर्मर्यादा असते. त्या मर्यादेपर्यंत इतर संगणक त्या ओळीची नक्कल स्वतःजवळ ठेवतात व मूळ नोंदवही पुन्हा पाहत नाहीत. ही मर्यादा पुष्कळदा ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस असते. ती अगोदरच ३०० सेकंदांवर आणावी. व जुनी मर्यादा पूर्ण उलटून गेल्यावरच मुख्य बदल करावा.

चौथी पायरी : दिवस निवडावा. पगार-कपातीचे दिवस, मार्चअखेर, सर्वसाधारण सभेचा आठवडा हे टाळावेत. शनिवारची सायंकाळ सोयीची. सभासदांस आठ दिवस आधी लेखी सूचना द्यावी.

पाचवी पायरी : एमएक्सची ओळ बदलावी. त्यानंतर लगेच निरनिराळ्या बाहेरच्या पत्त्यांवरून प्रत्येक पेटीत एकेक पत्र पाठवून पोच तपासावी, व प्रत्येक पेटीतून एकेक पत्र बाहेर पाठवून पाहावे.

सहावी पायरी : जुना सर्व्हर बंद करू नये. कोणाच्या ना कोणाच्या जवळ जुन्या ओळीची नक्कल राहिलेली असते व त्याची पत्रे जुन्या घरीच येतात. निदान एक आठवडा, शक्य तर एक महिना तो चालू ठेवावा व तेथे आलेले प्रत्येक पत्र नव्या पेटीत आणावे.

येथे एका सूक्ष्म दोषाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. एमएक्सची ओळ बदलली तरी जुना सर्व्हर स्वतःस या डोमेनचे घर समजतच असतो. त्यावर संस्थेचे संकेतस्थळ असेल, तर तेथून निघालेला सभासदाचा अर्ज नोंदवही न पाहता त्याच संगणकातील जुन्या पेटीत टाकला जातो. आरंभीच्या उदाहरणातील कर्जाचा अर्ज हरविण्याची ही अगदी संभाव्य वाट होय. यास्तव या डोमेनचे टपाल आता तुझ्याकडे नाही, असे जुन्या सर्व्हरच्या मांडणीतही नमूद करावे, व संकेतस्थळावरून एक अर्ज स्वतः भरून पाहावा.

सातवी पायरी : पेट्यांतील पत्रांची संख्या जुन्या यादीशी ताडून पाहावी, पदाधिकाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात, ओळीची आयुर्मर्यादा पूर्ववत करावी, व मगच जुन्या घराला कुलूप लावावे.

६. पाठविणाऱ्याची ओळख

पत्राच्या मागे कोणाचेही नाव लिहिता येते; ईमेलचेही तसेच आहे. संस्थेच्या नावाने कोणी लबाड माणूस सभासदांकडे पैसे मागू शकतो. यावर तीन उपाय आहेत व तिघांच्याही ओळी त्याच डीएनएस नोंदवहीत लिहावयाच्या असतात. एसपीएफ ही संस्थेच्या वतीने पत्रे नेण्याचा अधिकार असलेल्या संगणकांची यादी होय. जणू संस्थेच्या अधिकृत शिपायांची नावे. डीकेआयएम ही लाखेच्या मोहोरेसारखी आहे. मार्गात मजकूर बदलला तर मोहोर जुळत नाही. डीमार्क ही ओळ सांगते की, या परीक्षांत न उतरलेल्या पत्राचे काय करावे व त्याचा अहवाल कोणास द्यावा. हे तीन उपाय अनुक्रमे २००६, २००७ व २०१५ मध्ये लेखी स्वरूपात प्रसिद्ध झाले.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल व याहू यांनी या नियमांचा अंमल कडक केला. त्यामुळे स्थलांतरानंतर या ओळी न बदलल्यास संस्थेची खरी पत्रेही नको असलेल्या पत्रांच्या कप्प्यात पडतात किंवा परत येतात. बदलाच्या काळात एसपीएफच्या यादीत जुना व नवा असे दोन्ही सर्व्हर असावेत. जुना बंद झाल्यावर त्याचे नाव काढावे. डीमार्कमध्ये प्रारंभी केवळ अहवाल मागवावा, व सर्व ठीक दिसल्यावर कडक आज्ञा लिहावी. भाड्याने घेतलेल्या संगणकाचा क्रमांक पूर्वी एखाद्या उपद्रवी इसमाकडे असू शकतो. त्याची पत पत्करण्यापूर्वी तपासून घ्यावी.

७. नित्य कारभार

घर लागले म्हणजे संसार संपला नाही. पुढील कामे नेमाने व्हावीत.

रोज : न गेलेल्या पत्रांची रांग पाहावी. रांग अकस्मात वाढली तर एखाद्या सभासदाचा पासवर्ड चोरीस जाऊन त्याच्या नावे शेकडो पत्रे सुटत असण्याचा संभव असतो.

दर आठवड्यास : मोकळी जागा व आज्ञावल्यांच्या सुधारणा पाहाव्यात. पेटी भरली की नवी पत्रे परत जाऊ लागतात.

दर महिन्यास : सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत पाहावी. विनामूल्य मिळणारी प्रमाणपत्रे अल्प मुदतीची असतात. त्यांचे नूतनीकरण आपोआप होते, असे गृहीत न धरता तारीख डोळ्यांनी पाहावी.

दर तिमाहीस : राखीव प्रतीतून एक पेटी परत उभी करून पाहावी. प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात, व एक तरी दुसऱ्या गावी असावी.

दर वर्षी : पदाधिकारी बदलताच पासवर्ड बदलावेत. संस्थेचा पत्रव्यवहार व्यक्तीच्या खासगी पत्त्यावरून न करता ‘चिटणीस’, ‘खजिनदार’ अशा पदनामाच्या पेटीतून करावा, म्हणजे माणूस गेला तरी दप्तर जागेवर राहते. डोमेनच्या मुदतीची तारीख कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तात लिहावी. मुख्य पासवर्ड बंद लखोट्यात घालून संस्थेच्या तिजोरीत ठेवावा व तो दोघांना ठाऊक असावा. केलेला प्रत्येक बदल तारीख व कारण यांसह एका वहीत नोंदवावा.

सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या हाती सर्व सभासदांच्या पेट्या असतात. पोस्टमनने पत्ता वाचावा, पाकीट फोडू नये. तोच धर्म येथेही आहे. सभासदाचे कर्ज, आजार, कौटुंबिक अडचण या गोष्टी त्याने संस्थेस कळविलेल्या असतात, सर्व्हर सांभाळणाऱ्यास नव्हे. संगणकीय स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी केंद्र शासनाने २०२३ मध्ये कायदाही केला आहे.

८. वर्गात उपयोग

इयत्ता सातवीच्या मुलांस पत्राचा प्रवास खेळातून दाखविता येईल. एका मुलाने नोंदवही धरावी, दोघांनी जुने व नवे घर व्हावे, इतरांनी पत्रे आणावीत. खेळ चालू असता नोंदवहीतील ओळ बदलावी, व ज्यांनी जुन्या ओळीची नक्कल जवळ ठेवली आहे त्यांची पत्रे कोठे जातात ते मुलांकडूनच काढवून घ्यावे. जुने घर काही दिवस का उघडे ठेवावयाचे, हे मग सांगावे लागत नाही.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या संस्थेच्या डोमेनची नोंदणी कोणाच्या नावावर आहे व तिची मुदत केव्हा संपते?
२. नवा सर्व्हर चार तास बंद राहिला तर पत्रांचे काय होईल? चालू राहून त्यात पेट्याच नसल्या तर काय होईल? दोहोंतील फरक उत्तराच्या अंकांच्या साहाय्याने स्पष्ट करा.
३. संस्थेच्या वतीने पत्रे पाठविणाऱ्या, परंतु माणूस नसलेल्या किती गोष्टी तुमच्या कार्यालयात आहेत? त्यांची यादी करा.
४. सर्व्हर सांभाळणारे सभासद उद्या अकस्मात रजेवर गेले, तर लखोटा कोण उघडील, व वहीवरून काम पुढे चालविता येईल काय?